डोक्यावरची विरामचिन्हे : ट्रायकोस्कोपी करून घेतल्याचा अनुभव

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मला डेंग्यू झाला. ताप उतरला, प्लेटलेट भरून आल्या, मी कामावर रुजू झाले आणि आजार विसरूनही गेले. पण नोव्हेंबर संपता संपता सकाळच्या फणीतले गुंतवळ एवढे वाढले की ते बोटाला गुंडाळले तर अंगठीएवढे जाड वेटोळे होऊ लागले. भांग आधीपासूनच थोडा रुंदावत चालला होता, तो आता फोटोत उठून दिसू लागला. त्या निमित्ताने माझ्या डोक्याची दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॅमेऱ्याखाली तपासणी झाली आणि पुढे बहिणीच्या मुलाचीही झाली. हे परीक्षण त्या तपासणीचे, म्हणजे ट्रायकोस्कोपीचे आहे. जिथे गेले त्या दोन्ही ठिकाणांची नावे मी देणार नाही, कारण मला मत मांडायचे आहे ते तपासणीवर आणि ती कशी करावी, कशी करू नये यावर.

ट्रायकोस्कोपी हे नाव २००६ साली पोलंडमधील त्वचारोगतज्ज्ञ लिडिया रुडनिका आणि माल्गोझाता ओल्शेव्स्का यांनी रूढ केले. ज्या उपकरणाने ही तपासणी करतात तो डर्मोस्कोप मात्र त्याआधीपासूनच तीळ आणि त्वचेचा कर्करोग पाहण्यासाठी वापरात होता. तेच साधन डोक्याकडे वळवले आणि केस न उपटता, त्वचेचा तुकडा न काढता बरेच काही दिसते हे लक्षात आले. उपकरण दिसायला अगदी साधे असते : मुठीत मावणारे भिंग, त्याभोवती एलईडी दिव्यांचे कडे आणि बहुधा दहापट विवर्धन. डर्मलाइट, हाइने अशा कंपन्यांची हातात धरायची उपकरणे दवाखान्यांत दिसतात, तर संगणकाला जोडलेले व्हिडिओ-डर्मोस्कोप वीस ते सत्तर पट आणि काही त्याहूनही मोठे करून दाखवतात.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मला कुतूहल होते ते भिंगापेक्षा प्रकाशाचे. साध्या भिंगातून डोक्याची त्वचा पाहिली तर मुख्यतः चकाकी दिसते, कारण त्वचेच्या सर्वांत वरच्या कोरड्या थरावरून बराच प्रकाश थेट परततो आणि खालून येणारा क्षीण प्रकाश त्यात बुडून जातो. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे त्वचेवर जेल किंवा स्पिरिट लावून त्यावर काच टेकवायची, जेणेकरून हवेतून त्वचेत शिरताना अपवर्तनांकात पडणारा मोठा फरक कमी होतो आणि परावर्तन घटते. दुसरा म्हणजे ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश टाकायचा आणि पाहणाऱ्याच्या वाटेवर त्याला काटकोनात फिरवलेली दुसरी ध्रुवक पट्टी बसवायची. पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आपली दिशा राखून असल्यामुळे त्या पट्टीवर अडतो, आणि त्वचेत शिरून, तिथे ठेचकाळत दिशा हरवून बाहेर आलेला प्रकाश तेवढा आरपार येतो. दोन पोलरॉइड काटकोनात धरून वर्गात अंधार करून दाखवण्याचा प्रयोग मी वीस वर्षे करत आले आहे. तोच प्रयोग स्वतःच्या माथ्यावर होताना पाहण्याची गंमत वेगळी होती, आणि खरे सांगायचे तर त्या गमतीमुळे मनातली भीती अर्धी कमी झाली.

मात्र पहिली तपासणी डॉक्टरांकडे झाली नाही, हे कबूल करायला हवे. एका व्यापारी संकुलातील केसांच्या केंद्रात मोफत तपासणीची पाटी पाहून मी आत शिरले. पांढरा कोट घातलेल्या मुलीने पेनासारखा कॅमेरा माझ्या टाळूवर टेकवला. त्याआधी तो पुसला नाही, हे मला तेव्हाच खटकले होते. समोरच्या पडद्यावर माझा एकेक केस ताडाच्या बुंध्यासारखा उभा राहिला, त्याच्या बुडाशी भिंतीच्या चुन्याचे पोपडे निघावेत तसे पापुद्रे दिसू लागले, आणि मुळे गुदमरली आहेत, आणखी वर्षभर थांबलात तर काही हाती राहणार नाही, असे मला सांगण्यात आले. उपाय म्हणून सहा महिन्यांचे पॅकेज होते, अठ्ठेचाळीस हजार रुपयांचे, त्याच दिवशी पैसे भरल्यास काही सवलतीसह. पर्समध्ये तेवढे पैसे नव्हते, एवढेच माझे नशीब.

घरी आल्यावर मी विचार केला तेव्हा त्या तपासणीतले वैगुण्य लक्षात आले, आणि ते यंत्रात नव्हते. तशाच यूएसबी कॅमेऱ्यांनी डॉक्टरही चांगले काम करू शकतात. पण दोनशे पट मोठे केले की दृष्टीच्या कक्षेत जेमतेम दोनेक मिलिमीटरचा तुकडा येतो, आणि त्या प्रमाणात कोणाचाही निरोगी माथा भयानकच दिसतो. रोज झडणारी त्वचा, किंचित तेल, धुळीचे कण, सगळेच रोग वाटू लागतात. विवर्धन वाढवले म्हणजे माहिती वाढली असे होत नाही, हे मी सूक्ष्मदर्शकाच्या तासाला मुलांना दरवर्षी सांगते आणि स्वतः मात्र त्या खुर्चीत बसल्यावर विसरले. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या मुलीने माझ्या डोक्याची मागची बाजू एकदाही पाहिली नाही. तिने एक चित्र दाखवले आणि ते वाईट आहे असे म्हटले. कशाच्या मानाने वाईट, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही आणि मलाही तो तिथे सुचला नाही.

डिसेंबरच्या मध्याला पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली. इथे घोटाळा माझ्याकडून झाला. दोनच दिवस आधी घरात लग्न होते आणि त्यासाठी मी केसांना कलप लावला होता. डॉक्टरांनी भांगावर जेलचा थेंब टाकून डर्मोस्कोप टेकवला, क्षणभर पाहिले आणि विचारले, ‘कलप कधी लावलात?’ पडद्यावर केसांच्या छिद्रांभोवती काळे ठिपके दिसत होते, आणि काळे ठिपके ही या तपासणीत गंभीर खूण असते, कारण चाईसारख्या आजारात केस त्वचेच्या पातळीला तुटतो तेव्हा छिद्रात उरलेला त्याचा बुंधा नेमका असाच दिसतो. माझे ठिपके कलपाचे होते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यावर काही फिके झाले, काही तसेच राहिले. टक्कल झाकण्यासाठी डोक्यावर शिंपडायचे तंतू आणि लहान मुलांच्या डोक्यातली धूळ यांच्यामुळेही अशीच फसगत होते, असे त्यांनी सांगितले. मला दहा दिवसांनी, कलप न लावता, तेल न लावता आणि आदल्या दिवशी केस धुऊन पुन्हा यायला सांगण्यात आले. साताऱ्याहून पुण्याची एसटीची एक फेरी वाया गेली. वेळ देतानाच फोनवर हे चार शब्द सांगितले असते तर ती वाचली असती. ही त्या दवाखान्याविषयीची माझी पहिली तक्रार.

दुसऱ्या भेटीत तपासणी झाली ती मात्र शिस्तीत. काचेवर स्पिरिट फिरवून झाल्यावर डॉक्टरांनी टेप घेतली, नाकाच्या शेंड्यापासून भांगाच्या रेषेवर वीस सेंटीमीटर मोजले, ती जागा कागदावर लिहून ठेवली आणि तिथला पहिला फोटो घेतला. मग टाळूच्या शेंड्याचा, दोन्ही कानशिलांच्या वरचा, आणि शेवटी मान खाली घालायला लावून मागच्या बाजूचा. भांगावरचे आणि मागचे असे दोन फोटो पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले, आणि पुढच्या पाच मिनिटांत जे समजले ते त्याआधीच्या महिनाभरातल्या वाचनाने समजले नव्हते.

मागच्या बाजूला प्रत्येक छिद्रातून दोन किंवा तीन केस एकत्र निघत होते, आणि ते साधारण सारख्याच जाडीचे होते. भांगावर मात्र बऱ्याच छिद्रांतून एकच केस निघत होता, आणि शेजारशेजारच्या दोन केसांची जाडी पाहिली तर एक ०.०७ मिलिमीटरचा, तर दुसरा ०.०३ मिलिमीटरच्याही आतला, लव म्हणावा इतका बारीक. वयाबरोबर किंवा अनुवंशाने होणाऱ्या विरळपणात केस एकाएकी नाहीसे होत नाहीत. रोमकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतली पिशवी, दर फेरीत आकसत जातो आणि दर वेळी आधीपेक्षा बारीक केस उगवतो. म्हणून अशा डोक्यावर सगळ्या जाडीचे केस एकाच वेळी नांदताना दिसतात. वीस टक्क्यांहून अधिक केसांत अशी तफावत दिसली तर ती या प्रकारच्या केसगळतीची ठळक खूण मानली जाते. ही प्रक्रिया पुढच्या आणि वरच्या भागात चालते, मागचा भाग सहसा सुटतो. त्यामुळे प्रत्येक माणूस आपल्या तुलनेचा नमुना स्वतःच्याच मानेवर वागवत असतो. प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रित नमुना म्हणतात तो इथे आयता मिळतो, आणि केसांच्या केंद्रात वगळला गेला होता तो नेमका हाच.

मग ते गुंतवळ कशाचे होते? त्यासाठी डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवले आणि पन्नास-साठ केसांची एक बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढली. नऊ केस हातात आले. दहा टक्क्यांपेक्षा अधिक आले तर गळती चालू आहे असे धरतात. केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. मोठ्या तापाचा धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. ऑगस्टचा डेंग्यू आणि नोव्हेंबरचे गुंतवळ यांचा मेळ असा बसला. ही गळती तात्पुरती असते. ट्रायकोस्कोपीत तिची अशी स्वतंत्र खूण जवळजवळ नसतेच; ती ओळखली जाते ती रुग्णाला नीट प्रश्न विचारून, रक्त तपासून आणि बाकीच्या शक्यता बाजूला सारून. म्हणजे मला दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या : एक तापाची, आपोआप थांबणारी, आणि दुसरी तिच्या आडून चाललेली, न थांबणारी. त्यांतली एकच कॅमेऱ्याला दिसली. हे डॉक्टरांनी आपण होऊन सांगितले, आणि त्या क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आणखी एक गोष्ट त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केस असो वा नसो, त्याचे छिद्र शाबूत आहे का? छिद्र दिसत असेल तर आत रोमकूप आहे आणि केस परत येण्याची आशा आहे. काही आजारांत, लायकेन प्लॅनोपायलॅरिस किंवा डोक्यावरचा डिस्कॉइड ल्युपस ही त्यांतली नावे, सूज रोमकूपच नष्ट करते, तिथे व्रण उरतो आणि छिद्रे बुजून त्वचा गुळगुळीत होते. अशा जागी गेलेला केस परत येत नाही, म्हणून उरलेले वाचवण्यासाठी घाई करावी लागते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही टकले सारखीच दिसतात. यातही आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर एक चकवा आहे : सावळ्या माथ्यावर घामाच्या नलिकांची तोंडे आणि रिकामी छिद्रे सारख्या अंतरावर मांडलेल्या बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात, आणि तो व्रण नव्हे. व्रणाचे पांढरे डाग मोठे, ओबडधोबड असतात. चाईसारख्या आजारात गोऱ्या माथ्यावर सहज दिसणारे पिवळे ठिपके आपल्याकडे तपकिरी पार्श्वभूमीत हरवतात. परदेशी पुस्तकातली चित्रे पाठ करून भारतीय डोके वाचता येत नाही, असे डॉक्टर म्हणाल्या ते याच अर्थाने.

माझी कथा इथवर साधी आहे. ट्रायकोस्कोपीचे खरे कौतुक मला वाटले ते फेब्रुवारीत, भाच्याच्या वेळी.

तो आठ वर्षांचा आहे, कराडला राहतो. डाव्या कानाच्या वर त्याला रुपयाएवढी चकती पडली होती. बहीण फोनवर म्हणाली, ‘ताई, अगं चाईच आहे ती, आप्पांना नव्हती का?’ घरात गुंजेचा लेप लावून झाला होता, लसूण चोळून झाली होती, आणि कोणीतरी सुचवलेले स्टेरॉइडचे मलम आणूनही ठेवले होते. मी ते लावू दिले नाही. माझ्या ज्ञानामुळे नव्हे, केवळ धास्तीमुळे. त्याला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी त्यांनी जेल लावले नाही. पापुद्रे पाहायचे असतील तर कोरडेच पाहायचे, कारण जेलमध्ये ते पारदर्शक होऊन दिसेनासे होतात. रक्तवाहिन्या पाहायच्या असतील तर जेल. काचही त्वचेवर टेकवली नाही, थोडी वर धरली.

पडद्यावर जे दिसले ते मी विसरणार नाही. चकतीतले तुटके केस सरळ नव्हते. काही वाकून हुबेहूब स्वल्पविरामासारखे त्वचेला चिकटून पडले होते, आणि दोन-तीन केस तर बुचाच्या स्क्रूसारखे पीळ खाऊन बसले होते. डॉक्टरांनी भाच्याला विचारले, ‘मराठीच्या पुस्तकात हे चिन्ह शिकवलं का रे?’ त्याने ओळखले. मग त्यांनी आम्हाला सांगितले की चाई असती तर उद्गारचिन्हे दिसली असती : टोकाला जाड आणि त्वचेकडे येताना निमुळते होत गेलेले आखूड केस, सोबत काळे आणि पिवळे ठिपके. स्वल्पविराम दिसतो तो डोक्यावरच्या गजकर्णात, बुरशीने आतून पोखरलेला केस वाकून तुटतो तेव्हा. व्याकरणातील विरामचिन्हे कोणी माणसाच्या डोक्यावर वाचत असेल ही कल्पनाच मला इतकी आवडली की पुढची दहा मिनिटे मी मावशीची काळजी सोडून विद्यार्थिनीसारखी प्रश्न विचारत राहिले.

एका चिन्हावरून निदान मात्र करत नाहीत, आणि त्यांनीही केले नाही. उद्गारचिन्हासारखे केस आणि काळे ठिपके स्वतःचे केस उपटण्याची सवय असलेल्या मुलांतही दिसू शकतात. तिथे केस वेगवेगळ्या लांबीला तुटलेले, टोके फाटलेली किंवा ज्योतीसारखी उडालेली असतात, म्हणजे सगळे चित्र एकत्र वाचावे लागते. भाच्याचे दोन-तीन तुटके केस आणि थोडे पापुद्रे खरवडून घेतले, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसल्यावर मगच औषध लिहिले. औषध पोटात घेण्याचे होते आणि कित्येक आठवडे चालले, कारण नुसते मलम केसाच्या आतल्या बुरशीपर्यंत पोहोचत नाही. चाई समजून स्टेरॉइड लावले असते तर बुरशीला मोकळे रान मिळाले असते. तपासणीला पाचेक मिनिटे लागली, मुलगा रडला नाही, सुई टोचली नाही. वूडच्या दिव्याचेही मी विचारले, तेव्हा कळले की त्या जंबुपार प्रकाशात मायक्रोस्पोरम जातीच्या काही बुरशी हिरव्या चमकतात, पण आपल्याकडे डोक्याच्या गजकर्णात नेहमी सापडणारी ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम चमकत नाही. दिवा काळोखात काही दाखवत नाही म्हणून बुरशी नाही, असे म्हणता येत नाही.

आता मर्यादांविषयी. केसाचे मूळ त्वचेत तीन ते पाच मिलिमीटर खोल असते आणि डर्मोस्कोप तिथवर पोहोचत नाही. तो दाखवतो ते पृष्ठभाग, छिद्राचे तोंड आणि बाहेर आलेला केस. कन्फोकल सूक्ष्मदर्शक लेसरच्या साहाय्याने पेशी पेशी दाखवतो, पण त्याची खोली मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास संपते. ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशाने त्वचेच्या थरांचे उभे छेदचित्र काढण्याची पद्धत, एक-दोन मिलिमीटर आत जाते, पण तिथे चित्र भरड होते. ही दोन्ही यंत्रे मुख्यतः संशोधनाच्या ठिकाणी आढळतात, आणि साध्या केसगळतीसाठी कोणी त्यांची जाहिरात करत असेल तर दोन प्रश्न अधिक विचारावेत. व्रण पाडणाऱ्या आजाराचा संशय असेल तर चार मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे धारदार कडेच्या गोल नळीने, त्वचेचा तुकडा काढून तपासण्याला अजूनही पर्याय नाही. मात्र तो नेमका कुठून काढावा हे आता डर्मोस्कोपने ठरवता येते, त्यामुळे तो तुकडा वाया जाण्याची शक्यता घटते.

केस मोजणाऱ्या संगणकप्रणालीचेही थोडे सांगते, कारण अनेक ठिकाणी मोठ्या आकड्यांचा छापील अहवाल हातात देतात आणि आपण आकड्यांना भुलतो. २००१ साली रॉल्फ हॉफमन यांनी मांडलेल्या ट्रायकोस्कॅन या पद्धतीत डोक्याचा छोटा तुकडा भादरतात, दोन-तीन दिवस थांबतात, खुंट रंगवतात आणि मग फोटो काढून मोजतात. वाढलेला खुंट म्हणजे वाढीतला केस, न वाढलेला म्हणजे विश्रांतीतला. रंगवतात ते अशासाठी की पांढरा केस गोऱ्या त्वचेवर संगणकाला दिसत नाही. एवढी तयारी केली तर आकड्याला अर्थ आहे. न भादरता, एकमेकांवर आडव्या पडलेल्या लांब केसांचा फोटो काढून यंत्राने सांगितलेली घनता ही गर्दीच्या फोटोवरून सभेची माणसे मोजण्यासारखी असते. मला भादरून घेण्याविषयी विचारले गेले, मी नको म्हटले, आणि माझ्या बाबतीत त्याची गरजही नाही असे उत्तर मिळाले.

सेवेविषयी. सल्ल्याचे सातशे आणि ट्रायकोस्कोपीचे बाराशे असे एकोणीसशे रुपये पडले. तपासणीचे पैसे वेगळे आहेत हे पावती हातात आल्यावर कळले. ते आधी सांगायला हवे होते. साडेदहाची वेळ असताना बारा वाजता आत बोलावले. अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता आणि त्यात चौकटींवर खुणा केलेल्या होत्या. डॉक्टरांनी तोंडी मराठीत जे उत्तम समजावले त्यातले अक्षरही त्यात नव्हते. कराडच्या माझ्या बहिणीला तो कागद वाचून काय कळणार? फोटो मात्र मागितल्यावर लगेच मिळाले, आणि त्याआधी ते साठवून ठेवण्याची परवानगीही रीतसर घेतली गेली. ज्यांना ही तपासणी करून घ्यायची आहे त्यांनी फोटो मागून घ्यावेतच. ते पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तरी उपयोगी पडतात, आणि त्यांवर जागा व तारीख लिहिलेली आहे ना, हेही पाहावे. पाठीमागच्या बाजूचा फोटो काढलाच नाही तर तो काढायला सांगायला संकोच करू नये.

जूनमध्ये सहा महिन्यांनी मी परत गेले. पुन्हा टेप निघाली, नाकाच्या शेंड्यापासून वीस सेंटीमीटर मोजले, तीच जागा, तेच विवर्धन. गुंतवळ मार्चपासूनच कमी झाले होते. कपाळाच्या कडेला आखूड केसांची एक झालर उभी राहिली होती आणि सासूबाईंचे म्हणणे होते की केस तुटताहेत. डॉक्टरांनी त्या झालरीवर डर्मोस्कोप धरला. तुटलेल्या केसाचे टोक बोथट, कापल्यासारखे असते. नव्याने उगवणाऱ्याचे टोक गवताच्या पात्यासारखे निमुळते असते. माझी टोके निमुळती होती. भांगावरचे बारीक केस मात्र पूर्वीइतकेच होते, कदाचित दोन जास्तच. त्यासाठी दिलेले औषध रोज लावायचे आहे आणि त्याचा परिणाम दिसायला वर्षही लागू शकते, असे स्पष्ट सांगण्यात आले. दोन फोटो शेजारी ठेवून फरक नाही हे दाखवणारे डॉक्टर मला त्या अठ्ठेचाळीस हजारांच्या पॅकेजपेक्षा स्वस्त पडले.

पुढची वेळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पुतणीचे लग्न आहे, आणि या वेळी कलपाचा डबा मी आधीच जाऊबाईंकडे देऊन ठेवला आहे.